दोन अहवाल, दोन्ही बरोबर : ऑडिटरी न्यूरोपथीचे एक प्रकरण

दीड वर्षाची मुलगी आणि तिच्या फाइलमध्ये दोन अहवाल. पहिला एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी सोडतानाचा : ओएई चाचणी (कान स्वतः बाहेर टाकतो तो बारीक आवाज मोजणारी), दोन्ही कान 'पास'. दुसरा सतराव्या महिन्यातला : बेरा चाचणी (आवाजाला श्रवणचेता आणि मेंदूच्या देठाकडून येणारा विद्युत प्रतिसाद मोजणारी), ९० डेसिबलपर्यंत दोन्ही बाजूंना प्रतिसाद नाही, निष्कर्ष अतितीव्र श्रवणदोष. या दोन कागदांच्या मध्ये एक चिठ्ठी होती. मुलीला ऐकू येते पण ती लक्ष देत नाही, तेव्हा ऑटिझमसाठी तपासून घ्यावे, असा तिचा आशय. आईवडिलांना एकच विचारायचे होते : यातले खरे काय?

दोन्ही चाचण्या नीट केलेल्या होत्या आणि दोन्हींचे आलेख बरोबर होते. चुकले ते त्यांच्यावरून काढलेले अर्थ. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे. मुलीची आणि कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

जन्म आणि पहिले दीड वर्ष

गर्भ ३२ आठवड्यांचा असताना मुलगी जन्मली. श्वासासाठी थोडे दिवस यंत्राचा आधार लागला. पहिल्याच आठवड्यात कावीळ वाढली, फोटोथेरपी पुरेना, शेवटी रक्त बदलावे लागले. संसर्गाच्या शंकेने जेंटामायसिन हे प्रतिजैविकही दिले गेले होते. सुमारे तीन आठवड्यांनी ती घरी आली, तेव्हा ओएईचा निकाल चांगला होता आणि घरच्यांच्या डोक्यातून कानाचा विषय निघून गेला.

पुढची वाढ, मुदतीपूर्वीचा जन्म जमेस धरता, ठीक होती. मान धरणे, बसणे, चालणे सगळे वेळेत झाले. डोळ्याला डोळा भिडवायची, हवी ती वस्तू बोटाने दाखवायची आणि आपण तिकडे पाहतो आहोत ना, हे वळून तपासायची. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली, कारण दुसऱ्याचे लक्ष आपल्या लक्षाशी जोडण्याची ही धडपड ऑटिझममध्ये बहुधा कमी दिसते. पण तोंडून एकही शब्द नव्हता. आठव्या-नवव्या महिन्यात सुरू झालेले 'बाबा-दादा' छापाचे बडबडणे वाढण्याऐवजी ओसरले होते.

आईने एक वही ठेवली होती. कोणता आवाज, कुठून आला, मुलीने काय केले, त्या दिवशी ती आजारी होती का, झोप झाली होती का, अशा नोंदी. दार आपटले की दचकते. फोन वाजला की कधी वळते, कधी नाही. पाठीमागून नावाने हाक मारली तर जवळजवळ कधीच वळत नाही. समोर येऊन हातवारे करत बोलले की लगेच उमगते. एखादा दिवस बरा जातो, दुसऱ्या दिवशी काहीच पोहोचत नाही. 'कमी दिवसांची मुले उशिरा बोलतात' हे तिला इतक्या जणांनी सांगितले होते की वही दाखवतानाही ती संकोचत होती. माझ्या मते त्या फाइलमधला सर्वांत उपयोगी कागद ती वहीच होती. पूर्ण बहिऱ्या मुलाचे असे वर्णन होत नाही आणि नीट ऐकणाऱ्या मुलाचेही नाही.

तपासणी

जेम्स जर्जर आणि डेबोरा हेज यांनी १९७६ साली लहान मुलांच्या श्रवणतपासणीसाठी एक तत्त्व मांडले : कोणत्याही एका चाचणीचा निकाल दुसऱ्या स्वतंत्र चाचणीशी पडताळून जुळेपर्यंत अंतिम मानू नये. इथे तर दोन चाचण्या उघडच एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या. अशा वेळी एक खरी मानून दुसरी बाजूला ठेवण्याचा मोह होतो. आम्ही सुरुवातीपासून सगळे पुन्हा तपासायचे ठरवले.

कानाचे पडदे स्वच्छ. टिंपॅनोमेट्री सामान्य, म्हणजे मध्यकर्णात पाणी वा अडथळा नाही. ओएई दोन्ही कानांत ठळक. जन्मावेळचा निकाल अजून टिकून होता. पण अकूस्टिक रिफ्लेक्स, म्हणजे मोठ्या आवाजाला मध्यकर्णातला स्नायू आखडून जी प्रतिक्रिया देतो ती, कुठल्याच बाजूला मिळाली नाही. ठळक ओएई, निर्दोष मध्यकर्ण आणि गायब रिफ्लेक्स अशी जोडी दिसली की पुढची दिशा ठरते. ही चाचणी काही मिनिटांची असते आणि लहान मुलांत ती बरेचदा वगळली जाते, याचे मला वाईट वाटते.

मग बेरा, नैसर्गिक झोपेत. इथे पद्धतीचा एक तपशील निर्णायक ठरतो. कानात सोडलेल्या क्लिक आवाजाला दिशा असते : पडदा आधी आत ढकलला जाईल की बाहेर ओढला जाईल. पुष्कळ ठिकाणी दोन्ही दिशांचे क्लिक आलटून-पालटून देतात, त्यामुळे यंत्राचा विद्युत गोंधळ आपसांत कापला जाऊन आलेख स्वच्छ येतो. पण त्याच कापाकापीत कोक्लियातून, म्हणजे आतल्या कानाच्या शंखासारख्या भागातून, येणारा एक खरा संकेतही नाहीसा होतो. त्याला कोक्लिअर मायक्रोफोनिक म्हणतात. वेव्हर आणि ब्रे यांनी १९३० साली नोंदवलेला हा संकेत आवाजाच्या लहरीची हुबेहूब नक्कल करतो, म्हणून आवाजाची दिशा उलटली की तोही उलटतो. सतराव्या महिन्यातला अहवाल आलटून-पालटून दिलेल्या क्लिकवर आधारलेला होता. त्यात सपाट रेषा येणे अपरिहार्य होते.

आम्ही दोन्ही दिशांचे आलेख वेगवेगळे घेतले. पहिल्या काही मिलिसेकंदांत उंच, स्पष्ट लहरी आल्या आणि क्लिकची दिशा बदलताच आरशात पाहावे तशा उलट्या झाल्या. आवाज कमी केला तेव्हा त्या लहान झाल्या, पण उशिरा येऊ लागल्या नाहीत. मेंदूकडून येणाऱ्या लहरी आवाज कमी होताच उशिरा येतात. ही यंत्राचीच करामत नाही ना, हे पाहण्यासाठी कानात आवाज नेणारी नळी चिमटून बंद केली. लहरी गेल्या. म्हणजे त्या कोक्लियाच्याच होत्या. त्यापुढे, जिथे श्रवणचेता आणि मेंदूच्या देठाच्या लहरी दिसायला हव्यात तिथे, काहीच नव्हते.

ध्वनिबंद खोलीतल्या वर्तनचाचणीत, जिथे आवाजाकडे वळल्यावर मुलाला हलते खेळणे दिसते, ती ५०० हर्ट्झला ६० डेसिबलच्या आसपास आणि २००० हर्ट्झला ५० डेसिबलच्या आसपास वळली. पुढच्या भेटीत हे आकडे थोडे सरकले. अतितीव्र बहिरेपणाचा शिक्का तिथेच गळून पडला.

एमआरआय दोन कारणांसाठी केला. श्रवणचेताच जन्मतः बारीक किंवा अनुपस्थित असेल तरी चाचण्यांचे चित्र असेच येऊ शकते, आणि त्या मुलांची पुढची वाट वेगळी असते. हिच्या दोन्ही चेता जागेवर होत्या. दुसरे कारण काविळीच्या खुणा. मेंदूत तशा ठळक खुणा दिसल्या नाहीत. बालमेंदूतज्ज्ञांना स्नायूंचा ताण आणि डोळ्यांची वरची हालचाल यांत दोष आढळला नाही. ओटीओएफ या जनुकातल्या दोषानेही असे चित्र येऊ शकते, पण जनुकीय तपासणीत तो सापडला नाही.

निदान : दोन्ही कानांत ऑडिटरी न्यूरोपथी स्पेक्ट्रम डिसऑर्डर (कान आवाज टिपतो, पण तो मेंदूकडे नीट पोहोचत नाही), बहुधा तीव्र काविळीमुळे, मुदतपूर्व जन्माच्या पार्श्वभूमीवर.

नेमके काय बिघडले होते

कोक्लियात आवाज टिपणाऱ्या दोन प्रकारच्या केसपेशी असतात. बाहेरच्या सुमारे १२,००० पेशी तीन ओळींत असतात. त्या स्वतः आखडून-प्रसरून आवाज वाढवतात. आतल्या सुमारे ३,५०० पेशी एका ओळीत असतात आणि मेंदूकडे जाणाऱ्या श्रवणचेतेच्या जवळजवळ सगळ्या तंतूंना त्याच संदेश देतात. डेव्हिड केंप यांनी १९७८ साली दाखवून दिले की निरोगी कान स्वतःही बारीक आवाज बाहेर टाकतो. तो येतो बाहेरच्या केसपेशींच्या हालचालीतून. ओएई चाचणी तोच मोजते. ती केसपेशींपर्यंत येऊन थांबते. पुढे चेतेत आणि मेंदूत काय घडते, हे तिच्या कक्षेतच नाही.

बेरा पुढचा टप्पा पाहते, पण तिचीही एक अट आहे. हजारो तंतूंनी एकाच क्षणी संदेश पाठवला तरच डोक्याच्या त्वचेवर मोजता येईल एवढी लहर उमटते. सभागृहातल्या लोकांनी एका ठेक्यावर टाळ्या वाजवल्या तर ठेका बाहेरपर्यंत ऐकू जातो. त्याच लोकांनी तेवढ्याच टाळ्या आपापल्या वेळी वाजवल्या तर फक्त गलका उरतो. या मुलीच्या चेतेतून संदेश जात होते, पण विस्कळीत. म्हणून बेरा सपाट, आणि तरीही ५०-६० डेसिबलला ती वळत होती.

काविळीशी याचा संबंध सरळ आहे. रक्तातले सुटे बिलिरुबिन (काविळीतला पिवळा घटक) फार वाढले की ते मेंदूत शिरते आणि मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळात ते कमी पातळीलाही घात करू शकते. श्रवणचेता आणि मेंदूच्या देठातली श्रवणकेंद्रे त्याला विशेष बळी पडतात, केसपेशी मात्र बहुधा वाचतात. काही मुलांत हात-पाय, डोळे सगळे ठीक राहून इजा फक्त श्रवणमार्गापुरती उरते. ही मुलगी त्यांपैकी. कावीळ उतरली, बाळ गुटगुटीत दिसू लागले, आणि नुकसान अशा जागी राहिले जिथे केलेली एकमेव चाचणी पोहोचत नव्हती.

अर्नोल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अशा दहा रुग्णांचे वर्णन करून 'ऑडिटरी न्यूरोपथी' हे नाव रूढ केले. पुढे लक्षात आले की बिघाड आतल्या केसपेशीत, तिच्या आणि चेतेच्या जोडावर, चेतेत किंवा देठात, कुठेही असू शकतो. म्हणून २००८ मध्ये इटलीतील कोमो येथे जमलेल्या तज्ज्ञांनी 'स्पेक्ट्रम' शब्द जोडला. जोडावरच्या बिघाडाचे ठळक उदाहरण म्हणजे ओटीओएफ. या जनुकाचा शोध १९९९ मधला. त्यातल्या काही दोषांत मुलाचे ऐकणे ताप आला की घसरते, म्हणून आम्ही आईची वही तापाच्या दिवसांसाठी मुद्दाम चाळली. तसा काही संबंध दिसला नाही. ओटीओएफ असता तर आज चर्चा वेगळी झाली असती : शांघायमध्ये या दोषाच्या सहा मुलांच्या कानात निरोगी जनुक सोडण्याचा उपचार झाला आणि त्यांतल्या पाच जणांचे ऐकणे सुधारल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

घरच्यांना समजावताना सर्वांत कठीण गेलेला मुद्दा हा : आवाज पोहोचतो, तरी बोलणे कळत नाही. 'प' आणि 'ब', 'प' आणि 'फ' यांतला फरक बराचसा वेळेचा आहे. ओठ उघडणे आणि कंठ घुमू लागणे यांत किती हजारांश सेकंद गेले, त्यावर अक्षर ठरते. निरोगी कानाला दोन-तीन मिलिसेकंदांची फट कळते. या विकारात कित्येकांना त्याच्या अनेक पट मोठी फट लागते. म्हणून साध्या श्रवणदोषात ऑडिओग्रॅमवरून (कोणता आवाज किती मोठा असला की ऐकू येतो, या आलेखावरून) बोलण्याच्या आकलनाचा जो अंदाज बांधता येतो, तो इथे बांधता येत नाही. ऑडिओग्रॅम मध्यम आणि आकलन जवळपास शून्य, हे इथे सर्रास दिसते. आजूबाजूला गोंगाट असला की उरलेसुरलेही जाते.

उपचार, आणि थांबायचे किती

दोन गोष्टी ओढाताण करत होत्या. या विकाराच्या काही बाळांत, विशेषतः कावीळ झालेल्या मुदतपूर्व बाळांत, पहिल्या वर्ष-दीड वर्षात बेरा आपोआप सुधारते. म्हणून शस्त्रक्रियेची घाई नको. पण भाषेला थांबवता येत नाही. क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांच्या १९९८ च्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. आपली मुलगी त्या वयाच्या कितीतरी पुढे गेली होती. तेव्हा पहिल्याच भेटीत ठरले : कानाचे काय होते ते पाहू, भाषा मात्र आजपासून.

त्यासाठी हातांच्या खुणा सुरू केल्या, बोलण्याच्या जोडीने. आजीने हरकत घेतली की खुणांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही. ही भीती बहुतेक घरांत असते आणि ती मनापासून असते. आम्ही सांगितले की ज्या मुलीला आत्ता आवाजातून भाषा मिळत नाही तिला डोळ्यांतून मिळाली, तर मेंदूला भाषा म्हणजे काय हे तरी कळेल. दोनेक महिन्यांत ती 'पाणी', 'आणखी', 'नको', 'बाहेर' असे खुणांनी मागू लागली. त्यानंतर तिचे जमिनीवर लोळण घेऊन रडणे कमी झाले, हे आजीनेच प्रथम सांगितले. घरातला ताण किती होता ते तेव्हा उलगडत गेले. हळूहळू सगळ्यांनी तिच्याशी बोलणे कमी केले होते. उत्तर येत नाही तिथे माणूस आपोआप गप्प होतो. मोठा भाऊ तिच्यासाठी सगळे मागून द्यायचा. ऑटिझमच्या चिठ्ठीनंतर आई आपल्याच नजरेवर शंका घेऊ लागली होती. श्रवणदोषाचा परिणाम मोजताना हे कुठल्या तक्त्यात बसत नाही, पण मुलाला मिळणारी भाषा याच घरातून येते.

श्रवणयंत्रे दिली ती वर्तनचाचणीच्या आकड्यांवर. सपाट बेरावर विश्वासून अतितीव्र बहिरेपणाची शक्ती लावली असती तर शाबूत केसपेशींवर विनाकारण प्रचंड आवाज आदळला असता. मेलबर्नमध्ये गॅरी रॅन्स आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले होते की या विकाराच्या सुमारे निम्म्या मुलांना श्रवणयंत्राने बोलणे समजण्याइतका लाभ होतो आणि ज्यांच्या मेंदूच्या बाह्यस्तरातून प्रतिसाद मिळतो ती मुले बहुधा या निम्म्यांत असतात. म्हणून यंत्राची संधी खरोखरची द्यायला हवी होती, नावापुरती नाही.

सुमारे अर्ध्या वर्षाने ती आवाजाची दखल जास्त वेळा घेत होती. पण शब्द ओळखत नव्हती. ओठ झाकून विचारले की खेळण्यांतली बाहुली आणि गाडी यांत तिची निवड नशिबावर चालायची. बाह्यस्तराचा प्रतिसाद अस्पष्ट आणि अस्थिर. बेरा पुन्हा केली, चित्र तेच. अनु शर्मा आणि सहकाऱ्यांच्या २००२ मधल्या कामाने इथे मुदत घालून दिली होती : जन्मापासून बहिऱ्या मुलांत साडेतीन वर्षांच्या आत कॉक्लिअर इम्प्लान्ट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले, चेतेला थेट विद्युतस्पंद देणारे यंत्र) झाले तर मेंदूचा श्रवणप्रतिसाद काही महिन्यांत वयाच्या बरोबरीला येतो, सात वर्षांनंतर तो बहुधा येत नाही.

मध्यम ऑडिओग्रॅम असलेल्या मुलीला इम्प्लान्ट सुचवणे बाहेरून विचित्र दिसते. वडिलांनी हाच प्रश्न विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता : तिला थोडे ऐकू येते ते शस्त्रक्रियेत जाण्याची शक्यता आहे, मग का? उत्तर चेतेच्या विस्कळीतपणात आहे. इम्प्लान्टचे विद्युतस्पंद तंतूंना थेट आणि एकत्र उठवतात, त्यामुळे हरवलेला एकसाथपणा पुष्कळदा परत मिळतो. चेता शाबूत असेल तर या मुलांचे निकाल इतर इम्प्लान्ट झालेल्या मुलांच्या जवळपास येतात. आईवडिलांना विचाराला वेळ दिला, अशाच दुसऱ्या कुटुंबाशी त्यांची गाठ घालून दिली. अडीच वर्षे उलटल्यावर उजव्या कानात इम्प्लान्ट झाले. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच चेतेचा विद्युतप्रतिसाद मोजला. तो स्पष्ट आला. आवाजाने जी चेता दीड वर्ष मूक दिसत होती ती स्पंदांना एकसाथ उत्तर देत होती.

आजची स्थिती

मुलगी आता साडेचार वर्षांची आहे. शांत खोलीत ओठ न पाहता रोजचे बोलणे समजते, तीन-चार शब्दांची वाक्ये करते, प्रश्न विचारते. भाषा वयाच्या सुमारे वर्षभर मागे आहे. दोघांत हळू चाललेले बोलणे किंवा गोंगाटातली हाक अजून निसटते. दमली की ती स्वतःहून खुणांवर येते आणि घरात कोणी तिला अडवत नाही.

निदान वर्षभर आधी होऊ शकले असते, हे मला स्पष्टच म्हणायचे आहे. अमेरिकेतील जॉइंट कमिटी ऑन इन्फंट हिअरिंग या मंडळाने २००७ मध्येच सांगितले होते की एनआयसीयूत पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या बाळाची प्राथमिक चाचणी बेरा पद्धतीची हवी, केवळ ओएई पुरेशी नाही. हिच्या बाबतीत मुक्काम, मुदतपूर्व जन्म आणि रक्तबदल, तिन्ही इशारे होते. निरोगी बाळांच्या मोठ्या संख्येसाठी ओएई झटपट आणि सोयीची आहे, तिथे ती राहू द्यावी. पण एनआयसीयूतून निघणाऱ्या बाळाच्या कागदावर 'ओएई पास' एवढेच लिहिलेले असेल तर ती तपासणी अर्धीच झाली आहे. आणि निकाल काहीही असो, मूल हाकेला वळत नाही असे आईने सांगितले तर पूर्ण श्रवणतपासणी करायला तेवढे कारण पुरे.

पुढचे ठरले आहे ते असे. शाळा सुरू होण्याआधी शिक्षिकेच्या गळ्यातल्या मायक्रोफोनचा आवाज थेट इम्प्लान्टमध्ये पोहोचवणारी यंत्रणा बसवायची आहे. डाव्या कानाचे श्रवणयंत्र ती नाखुशीने घालते. त्या कानालाही इम्प्लान्ट करावे का, यावर पुढच्या भेटीत आईवडिलांशी बोलायचे आहे. त्याआधी डाव्या कानाने एकट्याने काय कळते, याची गोंगाटातली चाचणी घ्यायची आहे. त्या चाचणीला लागणारे सहकार्य देण्याइतकी मुलगी आता मोठी झाली आहे.